फोटो गाबर

सीदी बिश्र, अलेक्झांड्रिया
२९ मार्च १९८४

प्रिय तहानी वहिनींस,
स. सलाम. वि. वि.

बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीहून परतले ती ताप घेऊनच. गाबरने मसुराचं सार करून घातलं आणि आपणच केलेल्या साराची इतकी तारीफ केली की मला बरं व्हावंच लागलं. अंगातला ताप आता उतरला आहे. डोक्यातला उतरत नाही, म्हणून हे पत्र. आईच्या हातांचं माझ्या वतीने चुंबन घ्यावं.

तुमच्या घरी होते तोवर मी तोंड उघडलं नाही. मेलेल्या माणसाच्या घरात आवाज चढवू नये, हे बाबांनीच शिकवलं होतं. चाळीस दिवस झाले, आता तोंड मोकळं आहे.

तिसऱ्या दिवशी बायकांच्या बैठकीत मी कडू कॉफी फिरवत होते. तुमच्या शेजारच्या फिकरियाबाईंनी विचारलं, तू हाजी बयूमींची कोण. मी म्हटलं, मुलगी. त्या म्हणाल्या, मुलगी कशी असेल, पेपरात तर मुलगी नाही. मग मी पेपर शोधून काढला. तुमच्या स्वयंपाकघरात, टोपलीत, कोथिंबिरीखाली होता. निधनवार्ता तिथेच उभ्याने वाचली. बँक अधिकारी रिफअत यांचे वडील. इंजिनियर मम्दूह यांच्या भगिनीचे सासरे. कर्नल महरान यांचे आप्त. हे कर्नलसाहेब तुमच्या आतेबहिणीचे यजमान. त्यांनी बाबांना जन्मात एकदा पाहिलं असेल, तेही पाठमोरं. तेसुद्धा आले. मी आले नाही.

बाईचं नाव पेपरात नवऱ्याच्या नावामागून येतं: अमुक यांच्या पत्नीचे वडील. तेव्हा गाबरचं नाव गाळलं की मीही आपोआप गळाले. एका दगडात दोन पक्षी. दगड कोणी मारला हे मी विचारत नाही. बाहेर मांडवात सांत्वनाला येणाऱ्यांचे हात हातात घ्यायला गाबर रिफअतच्या शेजारी उभा होता, त्याला तिथून काढून कॉफीच्या तबकाकडे कोणी धाडलं, हेही विचारत नाही. त्याने घरी येऊन मला इतकंच सांगितलं, की कॉफी चांगली होती.

सोबत एक फोटो आहे. जागा नुझ्हाचं प्राणिसंग्रहालय, तळ्याचा कठडा. पाण्यातले ते सय्यद किश्ता. पाणघोड्याला आपण या नावाने का हाक मारतो ते त्यांनाच ठाऊक. कठड्यावर बाबा. हातात बरसीम गवताची जुडी, तोंडभर हसू. गेल्या वर्षीच्या शम्म-अन-नसीमचा, वसंताच्या सणाचा आहे. त्या दिवशी ते दमनहूरला होते असं तुमच्या घरात सगळे समजत होते ना?

बाकीचे फोटो यथावकाश पाठवीन. एकदम वाढले तर पचायचे नाहीत.

लोभ होता तेवढा तरी राहू द्यावा,
आपली,
इन्शिराह
(छायाचित्रकार गाबर यांची पत्नी)


तन्ता
१० एप्रिल १९८४

प्रिय इन्शिराह वन्सं यांस,
स. सलाम. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. तापाचं वाचून वाईट वाटलं. समुद्राची दमट हवा, त्यात घर एवढंसं, त्यात फोटो धुण्याच्या औषधांचा वास, ताप येणारच. इकडे ह्यांना बँकेत बढतीचं चाललं आहे, अल्लाने मनात आणलं तर होईल. कोणाची नजर लागू नये म्हणून अजून बाहेर बोलत नाही. तुम्ही घरच्या म्हणून लिहिलं.

निधनवार्तेचं म्हणाल तर ती ह्यांनी डोळे पुसत पुसत लिहिली. पेपरवाले ओळी मोजतात. शिवाय नाव घातलं की पुढे हुद्दा घालावा लागतो. तुम्हीच सांगा, काय घालायचा होता? बँक अधिकारी, इंजिनियर, कर्नल, आणि मग वाळूतून फोटो, हानिम, फोटो, असं बायकांमागे ओरडत फिरणारे? मी गाबरभाईंना कमी लेखत नाही. कष्टाची भाकरी आहे. पण प्रत्येक भाकरी पेपरात छापत नाहीत. जे शोभत नाही ते छापू नये, ह्यालाच आम्ही सभ्यता म्हणतो.

राहिला तुमचा फोटो. बाबा वर्षातून एकदा दमनहूरला जुन्या सहकाऱ्याकडे जात, हे मी सगळ्यांना सांगत आले. आता मी खोटी पडले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांचे दात पाहिले नव्हते. तुमच्या फोटोत सगळे दिसतात. आमच्या घरात हसायला त्यांना काय बंदी होती?

फोटो मी खणात ठेवणार होते. आईंनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि बैठकीच्या खोलीत, सोनेरी खुर्च्यांच्या वर, अगदी कर्नलसाहेबांच्या सहकुटुंब फोटोशेजारी टाचला. परवा कर्नलीणबाई आल्या. बराच वेळ फोटो पाहून त्यांनी मला विचारलं, की या दोघांतले तुमचे सासरे कोणते.

तेव्हा वन्सं, कृपा करा आणि बाकीचे फोटो आपल्याजवळच ठेवा. आठवणी ज्याच्या त्याच्या घरी बऱ्या.

लोभ आहेच, तो फोटोंशिवायही टिकेल.
आपली वहिनी,
तहानी


सीदी बिश्र
२४ एप्रिल १९८४

प्रिय तहानी वहिनींस,
स. सलाम. वि. वि.

काल शम्म-अन-नसीम झाला. बाबांशिवाय पहिला. मी जाणार नव्हते, पण गाबरसाठी हा सुगीचा दिवस, आणि गर्दीत त्याला कोणीतरी हाताशी लागतं. सकाळी प्राणी, दुपारी अंतोनियादिसची बाग, उन्हं कलली की किनारा. लोक जिथे जाणार तिथे त्याने त्यांच्याआधी पोचायचं. इतकी वर्षं बाबा त्याच्यामागे फिरायचे. होय, हाजी बयूमी, तन्त्याच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, जावयाची पिशवी खांद्याला लावून गिऱ्हाइकांना चिठ्ठ्या फाडून द्यायचे आणि मुलांना दटावून ओळीत उभं करायचे. पोरं इतकी घाबरायची की त्या दिवशीचा एकही फोटो हलायचा नाही. काल बरेच हलले.

तुम्ही फोटो नको म्हणालात, म्हणून लगेच दुसरा पाठवते आहे. हा किनाऱ्यावरचा. विजार गुडघ्यापर्यंत वळलेली, पाय पाण्यात, एका हातात फसीख, दुसऱ्यात कांद्याची पात. खारवलेला मासा तुमच्याकडे घरात येत नाही कारण पडद्यांना वास लागतो. समुद्राला पडदे नाहीत. बाबा वर्षभराची भूक इथे भागवायचे आणि तन्त्याची गाडी पकडण्याआधी माझ्याकडून लिंबाने हात चोळून घ्यायचे. तुमचं नाक तीक्ष्ण आहे हे ते जाणून होते.

हसायला बंदी होती का, असं तुम्ही विचारलंत. मला कसं माहीत असणार? माझं लग्न झाल्यापासून तुमच्या घराचा उंबरठा मी फक्त मयतीला ओलांडला. गाबरशी लग्न लावून देताना बाबाच पहिले नाराज होते, हे मी विसरले नाही. पण ते पुढच्याच वर्षी आले, आमच्या दारात उभे राहिले, आणि गाबरला म्हणाले, की माझा एक फोटो काढ, बघू तुला काही येतं का. तुमच्या घरात राहून, तुमची भाकरी खाऊन त्यांना रोज वाद नको होता, म्हणून दमनहूर निघालं.

आता मला काय हवं ते सरळ सांगते. फेब्रुवारीत बाबांना वर्ष होईल. पेपरात पुन्हा छापून येईल. त्यात मला ही ओळ हवी: छायाचित्रकार गाबर अब्दुलआल यांच्या पत्नीचे वडील. कर्नलसाहेबांच्या वर नको, खाली चालेल. पण हवी. गाबर हसतो. म्हणतो, माझं नाव टोपीवर आहे तेवढं पुरे. त्याला पुरत असेल. त्याला मांडवातून उठवलं तेव्हा तो तबक घेऊन निमूट उभा राहिला. मी निमूट राहणारी नाही.

रंगवलेली दोन अंडी काल आम्ही पाण्यात सोडली. आईला सांगा.

लोभ असावा, नसला तर उत्तर तरी असावं.
आपली,
इन्शिराह
(छायाचित्रकार गाबर यांची पत्नी)


तन्ता
१७ जुलै १९८४

प्रिय इन्शिराह वन्सं यांस,
स. सलाम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर देऊ नये असंच ठरवलं होतं. पण मनात ठेवून मला झोप लागत नाही.

बाबांना रक्तदाब होता. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मी त्यांच्यासाठी वेगळी भांडी ठेवली, अळणी शिजवलं, त्यांचं तोंड वाकडं झालेलं रोज पाहिलं. आणि तुम्ही त्यांना मिठात मुरलेला मासा खाऊ घालून फोटो काढता. माझ्या वाट्याला अळणी भाजी आणि तुमच्या वाट्याला हसू. ते कोणामुळे गेले हे मी लिहीत नाही. तुमच्या फोटोतच लिहिलेलं आहे.

ह्यांना तुमची ती ओळ दाखवली. ते म्हणाले, जमणार नाही. बढती झाली आहे, आता नाव वाचणारे लोक वेगळे आहेत.

आता एक कामाचं. स्मृतिदिनाच्या मजकुराबरोबर बाबांचा फोटो छापावा असा आईंचा हट्ट आहे. घरात ओळखपत्रावरचा तेवढा आहे, त्यात ते नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसतात. तुमच्याकडे ढीग पडला आहे. त्यातला एखादा सुटातला, गंभीर, शोभेलसा असेल तर पाठवून द्यावा. जनावरं आणि मासे नकोत. बाबा ह्यांचेही वडील होते, तेव्हा उपकार म्हणून मागत नाही.

ऑगस्टात आम्ही अलेक्झांड्रियाला येतो आहोत, कर्नलसाहेबांच्या समुद्रावरच्या केबिनीत. फार थोडे दिवस आहेत, त्यामुळे तुमच्याकडे येणं होईलसं दिसत नाही. राग नसावा.

लोभ आहे, पण त्यालाही पथ्य लागतं.
आपली,
तहानी


सीदी बिश्र
३ सप्टेंबर १९८४

तहानी वहिनींस,
सलाम. वि. वि.

फसीखने माणूस मरायला नऊ महिने लागत नाहीत. नऊ महिन्यांत मूल होतं. ज्या बाईने माझ्या बापाला जन्मभर अळणी वाढलं तिने मला मिठाचा हिशेब शिकवू नये. हे रागात लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर कोणाकडून तरी वाचून घ्या.

तुम्ही आला होतात. मला कळणार नाही असं वाटलं असेल. वहिनी, गाबर फोटो काढतो, पण फिल्म मी धुते. मोरीत लाल दिवा लावून, पाण्यातून एकेक चेहरा वर येताना पाहते. ऑगस्टात एके दिवशी एक छत्री वर आली, छत्रीखाली दोन खुर्च्या, एका खुर्चीत ओळखीचा काळा चष्मा, आणि हात वर केलेला, माशी हाकलावी तसा. मी गाबरला विचारलं. आधी तो विषय बदलत राहिला, मग सांगितलं. वाळूतून जाताना त्याने तुम्हाला ओळखलं आणि आनंदाने पुढे झाला. तुम्ही कर्नलीणबाईंकडे पाहिलंत आणि मोठ्याने म्हणालात, नको रे बाबा, जा पुढे, ही माणसं बसू देत नाहीत. तोवर कॅमेऱ्याची कळ त्याच्या बोटाने दाबली गेली होती. मग तो माफ करा, हानिम, म्हणून पुढे गेला. घरी येऊन मला म्हणाला होता, की आज वहिनी दिसल्या, तब्येत छान आहे.

मी तो फोटो मोठा करून आमच्या नमुन्याच्या फोटोंच्या काचेच्या पेटीत लावला. किनाऱ्याच्या रस्त्यावर, नवरा-नवरीच्या जोड्यांच्या बरोबर मध्ये. खाली काही लिहिलं नाही, गरज नव्हती. चार माणसांनी थांबून विचारावं की ही कोण, इतकी कोणावर डाफरते आहे, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी गाबरने फोटो काढून टाकला. म्हणाला, सगळं गाव माझ्यापुढे तोंड करून उभं राहतं, मी कोणाचं वाईट तोंड टांगत नाही. आम्ही भांडलो. मी त्याला म्हटलं, तुला कणा नाही. असं मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. तेही मी तुमच्याच नावावर लिहून ठेवलं आहे. फोटो माझ्याकडे आहे.

तुम्हाला गंभीर फोटो हवा होता. सोबत आहे. अंतोनियादिसची बाग, वडाची सावली. बाबा गवतावर झोपले आहेत, उशाला कॅमेऱ्याची पिशवी, अंगावर गाबरचं जाकीट. जनावर नाही, मासा नाही, हसू नाही. डोळे तेवढे मिटलेले आहेत. पेपराला चालतात का विचारा.

लोभाचं पुढे पाहू.
इन्शिराह
(छायाचित्रकार गाबर यांची पत्नी)


तन्ता
२ जानेवारी १९८५

लाडक्या इन्शिराहला आईचे अनेक आशीर्वाद. गाबरला आणि पोरांना दुवा.

मी लिहायचं विसरत चालले आहे, तुझे बाबा असताना ते चुका काढायचे म्हणून तरी लिहीत होते. तुझे फोटो माझ्याकडे आहेत. तहानी भिंतीवरून काढते, मी पुन्हा लावते. आता तिने नाद सोडला आहे.

दमनहूर मीच काढलं होतं. अंडी कांद्याच्या सालीत मीच रंगवून त्यांच्या खिशात घालायची. ते दर वर्षी म्हणायचे, तूही चल. पण दोघं गेलो असतो तर दमनहूर टिकलं नसतं. खोटं बोलायला एकाला घरी राहावं लागतं. म्हणून तुझं घर मी पाहिलं नाही आणि समुद्र फोटोत पाहिला. ते परत आले की मी त्यांच्या कोटाचा वास घ्यायची.

तुझं आणि तुझ्या भावाचं भांडण मी मिटवणार नाही, मला जमत नाही. ते माझ्या कफनापर्यंत चालेल. पण पेपरात त्यांचा फोटो यावा, डोळे उघडे असलेला. हा तहानीसाठी मागत नाही, रिफअतसाठी नाही. मी मागते आहे. नावाचं तू बघ. तू माझ्यापेक्षा तिखट आहेस, मी अळणी खाऊन अळणी झाले.

पोरांना थंडीत समुद्रावर सोडू नकोस.

तुझी आई


सीदी बिश्र
२० जानेवारी १९८५

प्रिय रिफअत भाऊस,
स. सलाम. वि. वि.

बढतीबद्दल अभिनंदन. वहिनींशी वर्षभर लिहिलं, आता तुलाच लिहिते, कारण कागदावर सही तुझी होणार आहे.

आईने फोटो मागितला. तिला मी नाही म्हणू शकत नाही, हे तिला ठाऊक आहे आणि आता तुलाही कळलं. सोबत पाठवते आहे. माझ्याकडे आहे त्यातला हा सगळ्यात चांगला. बाबा सुटात आहेत, टाय तू आणलेला, निळ्या पट्ट्यांचा. डोळे उघडे. चेहरा गंभीर म्हणता येईल. हसू ओठांत दाबलेलं आहे, पण दाबलेलं आहे. मागे बागेतली संगमरवरी बाई आहे, ती पेपरवाले कापतील. आईला आवडेल.

डोक्यावर टोपी आहे. त्या दिवशी ऊन फार होतं आणि बाबांनी गाबरची टोपी त्याच्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घातली. म्हणाले, बघू मालक झाल्यावर कसं वाटतं. टोपी पांढरी, समोर निळ्या रंगात ठळक अक्षरं: फोटो गाबर. अक्षरं मी काढली आहेत, म्हणून जरा मोठी आहेत.

वहिनी कात्री घेतील, तेव्हा आधीच सांगून ठेवते. टोपी कापलीस तर कपाळ जातं. कपाळ गेलं की बाबांचा नमाजाचा घट्टा जातो. आयुष्यभर जमिनीला कपाळ टेकून मिळवलेली तेवढी एकच खूण तू सगळ्यांना अभिमानाने दाखवायचास. टोपीच्या कडेखाली तो अर्धा दिसतो आहे, भिंगातून पाहा.

निगेटिव्ह पाठवत नाही. दुसरा फोटोही पाठवणार नाही, आईने मागितला तरी. तेव्हा तूच ठरव. नाव खाली छापायचं असेल तर खाली छाप, नाहीतर ते बापाच्या डोक्यावर आहेच.

लोभ ठेवावा की न ठेवावा, हेही तुझ्याकडेच सोपवते.
तुझी बहीण,
इन्शिराह
(छायाचित्रकार गाबर यांची पत्नी)


तन्ता
११ फेब्रुवारी १९८५

प्रिय इन्शिराहस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू जिंकलीस, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुझा फोटो घेऊन मी पेपरच्या इथल्या कचेरीत गेलो. मजकूर पहिल्यासारखाच लिहिला होता, तुझी ओळ नव्हती. ठरवलं होतं की टोपीवरची अक्षरं त्यांच्या चित्रकाराकडून पुसून घ्यावीत. तहानीने सुचवलं होतं. पण आईने सोबत यायचा हट्ट धरला. सोमवार, खिडकीशी रांग, रांगेत माझ्या बँकेची दोन खातेदार माणसं.

कारकुनाने फोटो हातात घेतला आणि परत केला. म्हणाला, हे मयताचं पान आहे, इथे दुकानाची जाहिरात चालत नाही. मी म्हटलं, अक्षरं पुसा. तो म्हणाला, पुसतो, एका मिनिटाचं काम आहे. त्याने ब्रश आणायला हाक मारली. तेवढ्यात आई बाकावरून उठली. तिला नीट उभं राहता येत नाही, तुला माहीत आहे. ती कारकुनाला म्हणाली, ती टोपी त्यांनी स्वतः मागून घातली आहे, त्यांच्या डोक्याला हात लावू नकोस. कारकून म्हणाला, आजी, मग हा गाबर कोणीतरी नातेवाईक असावा लागतो, आणि यादीत तर तो नाही. आई माझ्याकडे वळून म्हणाली, तूच सांग यांना, कोण तो.

सगळी रांग माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, माझा मेहुणा. कारकुनाला ऐकू गेलं नाही, मला पुन्हा म्हणावं लागलं. मग त्याने पेन पुढे केलं आणि मी तुझी ओळ माझ्या हाताने लिहिली. उद्याच्या अंकात येईल. टोपीसकट.

मांडवातून गाबरला मीच उठवलं होतं, तहानीने नाही. कर्नलसाहेब येत होते. त्यांना उभं राहायला जागा हवी होती.

तहानी माझ्याशी बोलत नाही. आई खूश आहे, तिने आज मिठाचं खाल्लं.

तुझा भाऊ,
रिफअत


सीदी बिश्र
१५ फेब्रुवारी १९८५

प्रिय तहानी वहिनींस,
स. सलाम. वि. वि.

पेपर मिळाला. बाबा छान आले आहेत. अक्षरं तर फारच छान आली आहेत, पानाच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतात. आमच्या रस्त्यावरचा चहावाला, बर्फवाला, छत्र्या भाड्याने देणारी उम्म सय्यद, सगळे अंक घेऊन दारात आले. सांत्वनाला आले होते, एक वर्ष उशिरा, पण गाबरच्या हातात हात द्यायला ओळ लावून आले. तो दारात उभा राहिला आणि त्याने एकेकाचा हात घेतला. कॉफी मी फिरवली. माणसं गेल्यावर तो रडला. पुरेसं आहे, पुरेसं आहे, असं तो म्हणत आला होता, आणि मी त्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता, हे बरं झालं. कणा नाही म्हटलं होतं, त्याबद्दल मी त्याची माफी मागितली आहे. तुमची मागत नाही.

ते पान त्याने आमच्या काचेच्या पेटीत लावलं आहे, नवरा-नवरीच्या जोड्यांच्या मध्ये. तिथे जागा रिकामी होतीच, तुमच्यामुळे.

रिफअतने कबुली लिहिली आहे. म्हणजे मांडवातला दगड तुमचा नव्हता. किनाऱ्यावरचा हात मात्र तुमचाच होता, त्याला फोटोचा पुरावा आहे.

आईला शम्म-अन-नसीमला इथे पाठवून द्यावं. आता दमनहूर सांगण्याची गरज नाही, खोटं सांभाळायला कोणी घरी राहायचं नाही. सय्यद किश्ता म्हातारे झाले आहेत, पण बरसीम अजून तोंड उघडून मागतात. आईच्या हाताने खातील.

सोबत शेवटचा फोटो आहे. हा बाबांचा नाही, तुमचा. ऑगस्टातला, छत्रीखालचा. घेऊन जायला कोणी आलं नाही, म्हणून टपालाने पाठवते; गाबरला माहीत नाही. उजेड उत्तम आहे, चेहरा स्वच्छ आहे, हात वर केलेला आहे. जपून ठेवावा, वहिनी. तुमच्या घरात वेळेला फोटो सापडत नाहीत. अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, पण एक दिवस प्रत्येकाचा फोटो पेपरात येतोच. त्या दिवशी हाच छापायला द्यावा, आणि खाली नावं घालताना आमचं विसरू नये. गाबर तुमच्या मांडवात नक्की येईल, पहिल्या रांगेत उभा राहील, आणि प्रत्येकाला सांगेल की तुमची तब्येत छान होती.

लोभ आता छापून आला आहे, तो पुसता येणार नाही.
आपली,
इन्शिराह
(कोणाची पत्नी, ते पेपरात पाहावं)